ग्रास कटर, चेनसॉ, पॉवर स्प्रे: कार्बोरेटरच्या स्क्रूला नेमका कुठला पेचकस लागतो?

केळीच्या बागेत गवत काढायला घेतलेला ग्रास कटर पहिला हंगाम झकास चालतो. दुसऱ्या हंगामात त्याची कुरकुर सुरू होते. स्लोवर टिकत नाही, रेस दिली की अडखळतो, नाहीतर अर्ध्या तासाने तापून गप्प होतो. अमळनेर-पारोळ्याकडचा माणूस मशीन टेबलावर टेकवता टेकवता सांगतो, "भाऊ, गरम व्हयनं का बंद पडी जास." मेकॅनिक कव्हर उघडतो, पेचकस उचलतो आणि थांबतो. कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, अंगावर दोन बारीक भोकं आहेत, त्यांच्या तळाशी पितळी स्क्रू चमकतोय, पण त्याला पेचकस बसेल अशी खाचच नाही.

यापुढचा प्रकार खानदेशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बघायला मिळतो. टेस्टरचं टोक आडवं घालून स्क्रू फिरवायचा प्रयत्न होतो, मग टोकदार पक्कड, शेवटी हॅकसॉ ब्लेडने भोकाची कडाच कापून स्क्रूला खाच पाडली जाते. स्क्रूचं डोकं गोल होतं, त्याच्या खालच्या सुईचं टोक चेपतं आणि चांगला कार्बोरेटर भंगारात जातो. काहीशे रुपयांचं साधन वेळेवर हाताशी असतं तर हे टळलं असतं. ते साधन कसं ओळखायचं, कुठून आणायचं, नाहीच मिळालं तर कसं बनवायचं आणि हातात आल्यावर स्क्रू किती फिरवायचा, हे सगळं क्रमाने लिहितो.

स्क्रूला खाच का नसते

हे कंपनीने आपल्याला छळायला केलेलं नाही. छोट्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या धुरावर अमेरिकेत बंधनं आली. कॅलिफोर्नियात ती १९९५ पासून लागू झाली, तर अमेरिकाभर १९९७ च्या मॉडेलपासून. ग्राहकाने घरी बसून स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवू नये म्हणून उत्पादकांनी स्क्रूची डोकी अशी केली की बाजारातला साधा पेचकस बसूच नये. काहींनी वरून प्लॅस्टिकच्या टोप्या घातल्या, त्यामुळे स्क्रू ठरावीक अंतरापलीकडे फिरत नाही. वॉलब्रो आणि झामा हे या छोट्या कार्बोरेटरमधले मोठे उत्पादक. त्यांचे कार्बोरेटर आणि त्यांच्या चिनी नकला जगभर जातात, तसेच त्या डोक्यांसकट आपल्या केळीपट्ट्यातही पोचतात.

मशीन वॉरंटीत असेल तर मात्र हा लेख बाजूला ठेवा आणि दुकानदाराकडे जा. टोपी काढलेली दिसली की वॉरंटीचं बोलणं तिथेच संपतं.

पहिलं काम: भोकात नीट बघणं

साधन मागवण्याआधी स्क्रूचं डोकं डोळ्यांनी बघायचं. "ग्रास कटरचा कार्बोरेटर पेचकस द्या" म्हणून मागवलेलं साधन बसेलच याची खात्री नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांना दोन वेगळी डोकी असतात.

भोकात बहुधा तेलमिश्रित मातीचा काळा थर बसलेला असतो. कार्ब क्लीनरचा फवारा नळीने आत मारा, जुन्या टूथब्रशने घासा, सुकू द्या. मग मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरका धरा. समोरून सरळ प्रकाश टाकला तर पितळ नुसतं चमकतं, आकार कळत नाही. तिरक्या प्रकाशात सपाट बाजू कुठे आहे, दाते आहेत की नाहीत, हे सावलीवरून दिसतं. दुसऱ्या मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघा. चष्मा लागलेल्यांना यासारखा दुसरा उपाय नाही.

दिसणारी डोकी साधारण अशी असतात.

साधी चपटी खाच असेल तर नशीब समजा. जुन्या चेनसॉंना आणि बऱ्याच स्वस्त मशीनना हीच असते. अडीच-तीन मिलिमीटर रुंद पात्याचा लांब, सडपातळ पेचकस पुरतो. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी मोबाईल दुरुस्तीचं साहित्य मिळतं, तिथल्या बारीक पेचकसांत हा सापडतो. फक्त पातं भोकाच्या भिंतीला घासायला नको.

गोल दांडी आणि तिची एकच बाजू तासून सपाट केलेली असेल तर तो डी. समोरासमोरच्या दोन बाजू सपाट असतील तर डबल डी. या दोघांत गल्लत फार होते, कारण खोल भोकात दुसरी सपाट बाजू सावलीत जाते. टॉर्च दोन्ही बाजूंनी मारून खात्री करा. डबल डीवर सिंगल डीचं साधन एखादवेळी बसतंही. पण सिंगल डीवर डबल डीचं साधन बसत नाही. ठोकून बसवलंत तर साधनाची भिंत फाटते.

गोल डोक्यातून एका बाजूने त्रिकोणी तुकडा काढलेला दिसला तर तो पॅकमन. ते नाव जुन्या व्हिडिओ गेममधल्या तोंड उघडलेल्या गोलावरून आलं आहे, आणि ऑनलाइन शोधतानाही हेच नाव टाकायचं.

डोक्याभोवती बारीक उभे दाते असतील तर तो दातेरी, म्हणजे स्प्लाइन. यात २१ दात्यांचा सर्रास दिसतो, ७ दात्यांचाही असतो. दाते मोजत बसायची गरज नाही. सात दाते जाड असतात आणि लगेच नजरेत भरतात. एकवीस दाते मात्र इतके बारीक असतात की मातीच्या थराखाली ते डोकं नुसतं गोल गुळगुळीत वाटतं. "माझ्या स्क्रूला काहीच आकार नाही" असं जे म्हणतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचा स्क्रू हाच निघतो.

सहा बाजूंचं बारीक षटकोनी डोकंही काही मशीनवर असतं. ते ओळखायला सोपं आहे.

तरीही शंका राहिली तर ठसा घ्या. कार्बोरेटर मशीनवरून काढून पूर्ण सुकवा. रिकाम्या बॉलपेनची प्लॅस्टिक रिफील गॅसवर जरा मऊ करा, पण मशीन आणि पेट्रोलची बाटली ठेवलेल्या खोलीत नव्हे, स्वयंपाकघरात. मऊ टोक स्क्रूवर सरळ दाबा, थंड होईपर्यंत हलवू नका, मग ओढून काढा. रिफीलच्या आत डोक्याचा आकार उमटलेला दिसतो. दुकानदाराला फोटो दाखवण्यापेक्षा हा ठसा दाखवलेला बरा.

काय विकत घ्यायचं

ऑनलाइन "कार्बोरेटर ॲडजस्टमेंट टूल सेट" शोधलं की सात-दहा पेचकसांचे संच दिसतात. त्यात डी, डबल डी, पॅकमन, दातेरी, षटकोनी सगळे येतात. एकच मशीन असेल तर एकच साधन घ्या. गावात चार-पाच जणांची मशीनं तुमच्याकडे येत असतील तर संच परवडतो. रंगावर जाऊ नका. कुणी दातेरीला लाल मूठ लावतो, कुणी पॅकमनला. रंगाला सगळीकडे लागू असा नियम नाही.

स्वस्त संचाची खरी कसोटी टोकाच्या भिंतीच्या जाडीत असते. आकार बरोबर असतो, पण साधनाची नळी बाहेरून इतकी जाड असते की भोकातच शिरत नाही. मागवण्याआधी भोकाचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि साधनाचा बाहेरचा व्यास विक्रेत्याला विचारा. आधीच घेऊन बसला असाल तर ड्रिल मशीनच्या चकमध्ये साधन पकडा, फिरवत बारीक कानस लावा आणि जितकं लागेल तितकंच उतरवा. दांडीची लांबीही बघा. एअर फिल्टरचं कव्हर आणि गार्ड यांच्या मधून पोचायला आखूड दांडी कामाची नाही. काही ठिकाणी वाकणारी लवचिक दांडी मिळते. तिने फिरवता येतं, पण स्क्रू तळाला टेकल्याची जाणीव हाताला होत नाही, म्हणून मी सरळ दांडीच वापरतो.

बाकी साधनं फार नाहीत. प्लगसाठी १९ मिलिमीटरचा बॉक्स पाना, कव्हर खोलायला ४ आणि ५ मिलिमीटरच्या ॲलन की, स्टिल (Stihl) कंपनीच्या मशीनसाठी टी-२७ टॉर्क्स (चांदणीच्या टोकाची की), कार्ब क्लीनर आणि प्लगची गॅप मोजायला फीलर गेज.

एक वस्तू बहुतेक जण टाळतात आणि तीच सगळ्यात कामाची आहे: इंजिनाचे फेरे मोजणारा टॅकोमीटर. प्लगच्या वायरला गुंडाळायचा साधा डिजिटल टॅकोमीटर स्वस्तात मिळतो. छोट्या टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला एक ठिणगी पडते, म्हणून सेटिंग "एका फेऱ्याला एक ठिणगी" असंच ठेवायचं. ते चुकलं तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो आणि तुम्ही त्या खोट्या आकड्यामागे स्क्रू फिरवत बसता. कानाने सेट करणारे उस्ताद आहेत, नाही असं नाही. पण एच स्क्रूच्या, म्हणजे फुल रेसच्या पेट्रोलच्या स्क्रूच्या, बाबतीत मिनिटाला दहा हजार आणि बारा हजार फेऱ्यांतला फरक सरावाशिवाय कानाला कळत नाही, आणि पिस्टन जळतो तो नेमका तिथेच.

साधन मिळेपर्यंतचे जुगाड

दातेरी आणि षटकोनी डोक्याला सगळ्यात चांगलं चालतं ते वायरिंगचं क्रिम्प टर्मिनल. डोक्यापेक्षा किंचित लहान भोकाचा नळीसारखा लग घ्या, त्याचं प्लॅस्टिक काढा, स्क्रूवर सरळ ठेवा आणि हलक्या हाताने दाबा. मऊ तांब्यात दात्यांचे ठसे उमटतात. दुसऱ्या टोकात बारीक पेचकस किंवा जाड तार दाबून बसवली की साधन तयार. ठोकायचं मात्र नाही. ठोकलं तर खालची सुई तिच्या बैठकीत घुसते.

डीसाठी पातळ पितळी नळी घ्या. जुन्या पोर्टेबल रेडिओची ओढायची एरियल असेल तर उत्तमच, तिच्यात वेगवेगळ्या व्यासाच्या नळ्या आयत्या मिळतात. स्क्रूवर जेमतेम बसेल अशी नळी निवडून तिची एक बाजू पकडीने सावकाश चेपायची. डबल डीसाठी दोन्ही बाजू चेपायच्या.

पॅकमनला मात्र नळी पुरत नाही, कारण फिरवायला आतल्या त्रिकोणी खाचेत पकड लागते. टोकाला सुईइतका बारीक पेचकस कानसून ती खाच धरता येते, पण तो घसरतो. यासाठी विकतचंच साधन घ्या, किंवा एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून करून घ्या.

बॉलपेनच्या रिफीलचा जो ठसा घेतला, त्यानेही सैल स्क्रू एकदोनदा फिरतो. जाम झालेल्या स्क्रूवर त्याचा उपयोग नाही.

टोपी काढण्याबद्दल दोन शब्द. काही टोप्या स्क्रू पूर्ण उलट्या दिशेला नेल्यावर खाचेत येतात आणि सरळ बाहेर ओढता येतात. ज्या येत नाहीत, त्यांच्या मधोमध बारीक लाकडी स्क्रू दोन-तीन आटे फिरवायचा आणि पकडीने ओढायचं. लाकडी स्क्रू खोल नेला तर तो खालच्या पितळी डोक्याला जखम करतो. टोपी फेकू नका, काम झाल्यावर ती परत बसवायची आहे.

स्क्रूला हात लावण्याआधी

मशीन कालपर्यंत चांगलं चालत होतं आणि आज बिघडलं, तर स्क्रू स्वतःहून फिरलेला नाही. दुसरं काहीतरी झालंय. दुकानात आलेल्या मशीनकडे बघताना माझा पहिला प्रश्न "आधी कुणी स्क्रू फिरवला का?" हाच असतो. उत्तर "नाही" असेल तर स्क्रू सगळ्यात शेवटी.

एअर फिल्टर धुवा. कापसाच्या शेतातली बारीक धूळ फोममध्ये अशी बसते की झटकून निघत नाही. साबणाच्या पाण्यात धुऊन, सुकवून, दोन थेंब तेल लावून पिळा. टाकीतला पेट्रोल फिल्टर तारेच्या हुकाने बाहेर काढून बघा. टाकीचं झाकण जरा सैल करून मशीन चालवा. त्याने सुधारलं तर टाकीचा श्वास बंद आहे, कार्बोरेटर निर्दोष. सायलेन्सरची जाळी आणि सिलिंडरचं एक्झॉस्ट भोक बघा. हलकं तेल मुक्त हाताने घातलेल्या मशीनमध्ये तिथे कोळसा साठतो, आणि मशीन दमल्यासारखं चालतं. प्लगची गॅप बहुतेक मशीनमध्ये ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते.

पेट्रोल ताजं घ्या. चांगल्या प्रतीचं टू-टी तेल आणि उत्पादकाने ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, ४०:१ असेल तर २५ मिली, २५:१ असेल तर ४० मिली. तेल जास्त घातलं म्हणजे मशीनचं भलं केलं, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. पण तेवढ्या जागेतलं पेट्रोल कमी होतं, कोळसा वाढतो आणि सेटिंग हलतं ते वेगळंच.

मग हवेची गळती. मशीन स्लोवर ठेवा आणि डावीकडे, उजवीकडे, नाक खाली असं वाकवा. फेरे बदलत असतील, किंवा रेस सोडल्यावर ते लगेच खाली न येता रेंगाळत असतील, तर कार्बोरेटर आणि सिलिंडरमधलं पॅकिंग किंवा तिथले बोल्ट बघा. हवा ओढणाऱ्या मशीनचं सेटिंग कधीच टिकत नाही.

शेवटी डायफ्राम. कार्बोरेटरच्या एका झाकणाखाली पातळ काळा पडदा असतो. तो मऊ आणि लवचिक हवा. हाताने दाबल्यावर वाळलेल्या केळीच्या पानासारखा करकरला तर तो संपला. नवीन किट टाका, स्क्रूशी झटापट करू नका. किट टाकताना खालची छोटी तरफ वाकवू नका. तिची उंची ठरलेली असते. वॉलब्रोच्या डब्ल्यूटी मालिकेत ती सपाटीपासून १.६५ मिलिमीटर खाली असते, झामाची वेगळी. दोघांची मोजायची पट्टी वेगळी मिळते, एकीने दुसऱ्याचं मोजू नका.

आता स्क्रू

तीन स्क्रू असतात. एल म्हणजे कमी फेऱ्यांचं पेट्रोल, एच म्हणजे फुल रेसचं पेट्रोल, आणि टी म्हणजे स्लोचा, काही मशीनवर त्याला एलए लिहिलेलं असतं. टी स्क्रू साधा, मोठा, स्प्रिंग लावलेला असतो आणि थ्रॉटलच्या दांड्याला टेकतो. त्याला साधा पेचकस बसतो, म्हणूनच सगळे आधी तोच पिळतात. मशीन बंद पडतंय, वाढव स्लो. त्याने एलचा दोष झाकला जातो आणि रेस न देताच पातं फिरायला लागतं. गवत काढणाऱ्याच्या पायाजवळ आपोआप फिरणारं पातं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

अक्षरं पुसली असतील तर इंजिनच्या बाजूचा बहुधा एल आणि एअर फिल्टरच्या बाजूचा एच.

दुचाकीवर हात बसलेल्या मेकॅनिकने इथे एक मिनिट थांबावं. यामाहा आरएक्स १०० च्या कार्बोरेटरचा बाजूचा स्क्रू हवेचा आहे. तो आत घेतला की हवा कमी होते आणि मिश्रणात पेट्रोल वाढतं. छोट्या डायफ्राम कार्बोरेटरचे एल आणि एच हे पेट्रोलचे स्क्रू आहेत. आत घेतला की पेट्रोल कमी. बरोबर उलटं. जुन्या सवयीने "जरा आत घेतो" म्हणून फिरवलेला एच स्क्रू पिस्टन पकडवतो.

सुरुवातीला प्रत्येक स्क्रू आत घेताना किती फेरे लागतात ते मोजून कागदावर लिहा. काहीही बिघडलं तरी परतायला जागा हवी. स्क्रू दोन बोटांनी धरा, मुठीने नव्हे. तळाला टेकल्याची जाणीव अगदी हलकी असते. बोटांना जरा विरोध लागला की थांबा. त्यापुढे पाव फेरा दाबला तरी सुईच्या टोकाला कंगोरा पडतो आणि मग ती सुई कुठल्याही सेटिंगला नीट पेट्रोल देत नाही. टेकल्यावर दोन्ही स्क्रू साधारण एक फेरा बाहेर काढा. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळा.

मशीन सुरू करून चोक काढा आणि तीन ते पाच मिनिटं अधूनमधून रेस देत गरम होऊ द्या. थंड मशीनवर केलेलं सेटिंग दुपारपर्यंत टिकत नाही.

आधी एल. पाव फेऱ्याच्या निम्म्याने आत घ्या, पाच-दहा सेकंद थांबा, ऐका. स्लो वाढत जाईल आणि एका जागी पोचून पुन्हा पडायला लागेल. आता उलटं बाहेर या, स्लो परत वाढून पुढे जाडसर, ओलसर आवाजाने घसरेल. या दोन टोकांच्या मध्ये स्लो सगळ्यात जास्त असलेली जागा सापडली की तिथून पाव फेऱ्याच्या आसपास बाहेर काढून ठेवा. आता झटकन रेस द्या. मशीन "भक्" करून मरायला लागलं तर पेट्रोल कमी, किंचित बाहेर. धूर सोडत, बुडबुडल्यासारखं करत उठलं तर किंचित आत.

मग टी. बहुतेक मशीनचा स्लो २,५०० ते ३,००० फेऱ्यांत असतो. चेन किंवा पातं पूर्ण थांबलेलं हवं. त्या स्लोला बंद पडत असेल तर परत एलकडे जा.

शेवटी एच, आणि इथे घाई नको. ग्रास कटर असेल तर नायलॉन हेड लावून, दोरी पूर्ण लांबीची ठेवून, गार्ड आणि चष्म्यासह. रिकाम्या दांड्यावर फुल रेस द्यायची नाही. चेनसॉ असेल तर बार आणि चेन बसवून. एच बाहेर काढत नेला की फुल रेसचा आवाज गुळगुळीत न राहता मध्येमध्ये फुटल्यासारखा, भरडा होतो. हेच आपल्याला हवंय. आता लोड द्या, म्हणजे दाट गवतात घाला किंवा लाकडाला लावा. भरडा आवाज साफ झाला आणि लोड काढल्यावर परत भरडा झाला की सेटिंग बरोबर. लोडमध्येही भरडाच राहिला तर पेट्रोल जास्त, थोडं आत. रिकाम्यावर आवाज एकदम स्वच्छ आणि किंचाळणारा असेल तर ताबडतोब बाहेर काढा, कितीही जोरदार वाटत असलं तरी. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी आणि गारवाही कमी. टॅकोमीटरवर कमाल फेरे मॅन्युअलमधल्या आकड्याच्या खालीच ठेवा.

एच हलवला की एल पुन्हा एकदा तपासा, दोघांचा एकमेकांवर परिणाम होतो. शेवटी दहा-पंधरा मिनिटं काम करून, फुल रेसवरच बंद करून प्लग काढा. तांबूस-तपकिरी रंग चांगला. पांढरा असेल तर एच बाहेर. काळा ओला असेल तर जास्त पेट्रोल किंवा जास्त तेल.

ज्यांना हे तीन स्क्रू नसतात

काही ग्रास कटरवर थ्रॉटल ओढला की कार्बोरेटरचा वरचा गोल भागच फिरतो. तो रोटरी प्रकार. त्यात एच म्हणजे बसवलेला जेट (पेट्रोलचं ठरावीक भोक), बाहेरून फिरवायला काही नाही. बाजूला स्लोचा स्क्रू आणि फिरणाऱ्या भागाच्या मधोमध, बुचाखाली, सुई. त्या सुईला हात लावायची वेळ क्वचितच येते.

पाठीवरच्या मिस्ट ब्लोअरला, ज्याला आपण डस्टर म्हणतो, बहुधा वाटीचा फ्लोट कार्बोरेटर असतो. त्याला या लेखातलं एकही खास साधन लागत नाही. साधा पेचकस आणि बारीक टोकाची पक्कड पुरते. सुईच्या खाचांवर छोटी क्लिप असते. क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं, वरच्या खाचेत घातली की कमी होतं. एकावेळी एकच खाच.

पेट्रोल आणि ऊन

गेल्या काही वर्षांत जुनी मशीनं एकदम नखरे करायला लागली, त्यामागे एक खरं कारण आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. म्हणजे त्याच स्क्रूच्या त्याच जागेवर नवं पेट्रोल मिश्रणात सात-आठ टक्क्यांनी कमी पडतं. शुद्ध पेट्रोलवर सेट केलेल्या मशीनचा एच थोडा बाहेर काढावा लागतो, तो यासाठी. टोपीची मर्यादा आड येते तीही इथेच. शिवाय इथेनॉल ओलावा ओढतं. पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये महिनाभर राहिलेलं पेट्रोल मशीनमध्ये घालू नका, आणि हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. आत राहिलेलं पेट्रोल हे पडदा करकरीत होण्याचं एक मोठं कारण आहे.

दुसरी गोष्ट आपल्या हवामानाची. मे महिन्यात रावेर-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो, डिसेंबरच्या पहाटे तो १० वर येतो. तेवढ्या फरकाने हवा सुमारे १२ टक्के घट्ट होते. मे महिन्यात भर दुपारी अगदी काठावर सेट केलेलं मशीन डिसेंबरच्या सकाळी पेट्रोलला कमी पडतं, आणि थंडीत इंजिन तापणार नाही या समजुतीत कुणी लक्षही देत नाही. उन्हाळ्यात सेट करत असाल तर एच थोडा बाहेर ठेवा. तोरणमाळसारख्या हजार मीटरच्या वरच्या गावी उलट होतं. तिथे हवा सुमारे दहा टक्के विरळ, त्यामुळे खाली शहाद्याला सेट केलेलं मशीन वर धुरकटतं. तिथल्यासाठी तिथेच सेट करायचं, आणि खाली आणताना एच परत बाहेर काढायला विसरायचं नाही.

सगळं जमल्यावर दोन्ही स्क्रू टेकेपर्यंतचे फेरे पुन्हा मोजा, परत त्याच जागी आणा, टोप्या बसवा. एअर फिल्टरच्या कव्हरच्या आतल्या बाजूला परमनंट मार्करने एल, एच, तारीख आणि स्क्रूच्या डोक्याचा प्रकार लिहा. पुढच्या वेळी कव्हर उघडणारा कुणीही असो, कुठला पेचकस हातात घ्यायचा ते त्याला तिथेच कळेल.